बंदुकीचं नाव नको, गाव सांगा

जुन्या वस्तूंच्या आपल्या मालिकेत शिवणयंत्रं झाली, मनगटी घड्याळं झाली. आज जरा वेगळी वस्तू आहे. बंदूक. लगेच भुवया उंचावू नका. माझ्याकडे बंदूक नाही, घ्यायची इच्छाही नाही. मी मूळचा कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत क्वालिटीला होतो आणि आता पेनसिल्व्हेनियात मशीनिंगच्या एका कारखान्यात तेच काम करतो. लोखंडाचा तुकडा हातात घ्यायचा, तो कसा बनला, कुठे बनला हे ओळखायचं, एवढंच मला येतं. आणि त्या एवढ्याशा येण्याच्या जोरावर मी फेब्रुवारीत एक मोठा घोळ घातला. आजचा भाग त्या घोळाचा आहे.

तर झालं असं. आमच्या शेजारी एक आजी राहतात. अमेरिकन आहेत, पण आमच्या मुली त्यांना पहिल्या दिवसापासून आजीच म्हणतात आणि त्यांनाही ते आवडतं. त्यांचे मिस्टर, म्हणजे आमचे आजोबा, गेल्या ऑक्टोबरात गेले. आजोबा कोरियाच्या युद्धात होते. त्याबद्दल फार बोलायचे नाहीत. फेब्रुवारीत आजींचा फोन आला. म्हणाल्या, तळघराच्या कपाटात ह्यांची लढाईतली रायफल आहे, नातवाला द्यायची आहे, पण त्याआधी ती नक्की काय आहे ते मला कुणीतरी नीट सांगा. तू लोखंडातला माणूस आहेस, ये बघायला.

मी गेलो. आजोबांचा एक पुतण्या तिथे आलेला होता, त्याच्याकडे स्वतःच्या बंदुका आहेत, त्याला सगळं माहीत. त्याने आधी मॅगझिन काढलं, बोल्ट मागे ओढून आत गोळी नाही हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासलं, मग ती टेबलावर ठेवली. हे आधी सांगून ठेवतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणी परदेशात असाल आणि अशी वस्तू समोर आली, तर पहिलं काम हेच, आणि ते ज्याला येतं त्यानेच करायचं. आपण हात मागे बांधून उभं राहायचं.

टेबलावर होती एम वन कार्बाइन.

इथे एक मिनिट थांबतो. आपल्याकडे कार्बाइन म्हटलं की बँकेबाहेर नाहीतर बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसाच्या खांद्यावरची छोटी बंदूक डोळ्यांसमोर येते. ती वेगळी. ती नऊ मिलिमीटरची, ब्रिटिश स्टर्लिंगवरून कानपूरला बनलेली सबमशीनगन. कार्बाइन या शब्दाचा मूळ अर्थ फक्त आखूड रायफल. घोडेस्वाराला लांब नळी सांभाळता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी केलेली आखूड. अमेरिकेची एम वन कार्बाइन ही त्याच कल्पनेची विसाव्या शतकातली आवृत्ती. ज्याचं मुख्य काम लढणं नाही, म्हणजे ट्रक चालवणारा, रेडिओवाला, तोफेवरचा माणूस, अधिकारी, त्याला पिस्तुलापेक्षा बरं आणि पूर्ण रायफलपेक्षा हलकं काहीतरी हवं होतं. सैन्याची नेहमीची गॅरंड रायफल सव्वाचार किलोच्या वर. ही साधारण अडीच किलोची. लांबी ९० सेंटिमीटर.

१९४१च्या ऑक्टोबरात विंचेस्टर कंपनीचं डिझाइन मंजूर झालं. यात डेव्हिड मार्शल विल्यम्स नावाच्या माणसाची एक गोष्ट सगळीकडे सांगतात, की खुनाच्या प्रकरणात तुरुंगात असताना त्याने ही बंदूक शोधली. १९५२ साली जेम्स स्ट्युअर्टला घेऊन त्यावर सिनेमाही निघाला. गोष्ट छान आहे, पण अर्धी आहे. आतला छोट्या हालचालीचा गॅस पिस्टन ही कल्पना त्याची, बंदूक मात्र विंचेस्टरच्या अख्ख्या टीमने काही आठवड्यांत उभी केली. असो. सिनेमाला एक माणूस लागतो.

मग युद्ध सुरू झालं आणि सरकारने ऑर्डर कुणाला दिल्या बघा. जनरल मोटर्सच्या इनलँड विभागाला. अंडरवुडला, जी टाइपरायटर बनवायची. रॉक-ओलाला, जी नाणं टाकून गाणी वाजवणारे ज्यूकबॉक्स बनवायची. पोस्टाची यंत्रं बनवणाऱ्या नॅशनल पोस्टल मीटरला. आणि आयबीएमला. हो, तीच आयबीएम. एकूण दहा मुख्य ठेकेदार. १९४२ ते १९४५ या काळात साठ लाखांहून जास्त कार्बाइन बनल्या. कुठल्याही कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्याच्या बंदुकीत बसला पाहिजे ही अट होती, आणि भाग सर्रास इकडून तिकडे जायचे. क्वालिटीवाल्याच्या नजरेने बघितलं तर ही अट म्हणजे कमाल आहे. आणि पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळही तीच आहे.

आता माझ्या घोळाकडे येतो.

टेबलावरच्या बंदुकीचा दस्ता घासून काळपट झालेला. धातूवर तो करडा, मॅट रंग. बाजूच्या स्लाइडवर एक बारीक अक्षर दिसलं, यू. यू म्हणजे अंडरवुड, हे मी आदल्या रात्री वाचून गेलो होतो. झालं. मला वाटलं, सापडलं. मी आजींना म्हणालो, हो, ही लढाईचीच आहे, टाइपरायटरच्या कंपनीने बनवलेली, १९४३ किंवा ४४ची असेल.

आजी उठल्या. आतून एक फोटो घेऊन आल्या. विशीतले आजोबा, मागे बर्फ, खांद्याला कार्बाइन. तो फोटो त्यांनी बंदुकीशेजारी उभा करून ठेवला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पुतण्यानेही टोपी काढली. मी आपला कृतकृत्य.

मग चहा झाला. आणि सवयीने, खरंच फक्त सवयीने, मी मोबाइलचा टॉर्च लावून बंदुकीवर आडवा धरला. हे तुम्ही कुठल्याही जुन्या धातूच्या वस्तूवर करून बघा. उजेड समोरून टाकला तर उथळ अक्षरं दिसत नाहीत. टॉर्च जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून बाजूने टाकला की अक्षरांच्या कडांची सावली पडते आणि मजकूर वर येतो. रिसीव्हरवर साठ वर्षांचं सुकलेलं तेल आणि मळ होता. कोरड्या फडक्याने आणि दात कोरायच्या काडीने हळूहळू काढला. पॉलिश पेपर नाही, तारेचा ब्रश नाही. जुन्या वस्तूला घासणं म्हणजे तिचा जन्मदाखला खोडणं.

मळाखालून अक्षरं आली. प्लेनफील्ड मशीन कंपनी. डनेलन, एन. जे.

पोटात गोळाच आला.

का, ते सांगतो. आणि इथे आजचा मुख्य मुद्दा आहे, त्यामुळे कानात इअरफोन लावून भांडी घासत असाल तर नळ जरा बंद करा.

बंदुकीत रिसीव्हर नावाचा भाग असतो. नळी त्याला पुढून स्क्रू होते, बोल्ट त्याच्या आत सरकतो, बाकी सगळं त्याला लटकतं. अमेरिकन कायद्याच्या दृष्टीने तो भाग म्हणजेच बंदूक. नंबर त्याच्यावर असतो. नळी बदलता येते, दस्ता बदलता येतो, स्लाइड, घोडा, चाप, साइट, सगळं बदलता येतं. रिसीव्हर बदलला तर ती बंदूकच दुसरी. म्हणजे वय ठरवायचं ते रिसीव्हरचं. मी ठरवलं होतं ते स्लाइडचं.

युद्ध संपल्यावर या कार्बाइनच्या सुट्या भागांचे ढीग भंगारात आणि लिलावात आले. स्लाइड, घोडे, स्प्रिंगा, दस्ते, नळ्या. आणि लाखो माणसं अशी होती ज्यांनी ही हलकी बंदूक सैन्यात वापरलेली होती आणि ज्यांना शिकारीला नाहीतर नुसतीच घरी ती हवी होती. मागणी आहे, सुटे भाग किलोवर आहेत, फक्त रिसीव्हर नाही. मग धंद्याची अक्कल असलेल्या माणसाने काय करावं? नवीन रिसीव्हर बनवावा आणि बाकी माल लष्करी लावावा. १९६०च्या सुमारास नेमकं हेच सुरू झालं. न्यू जर्सीत प्लेनफील्ड, फ्लोरिडात युनिव्हर्सल, कॅलिफोर्नियात नॅशनल ऑर्डनन्स आणि अल्पाइन. आणखीही होत्या. यांना व्यापारी कार्बाइन म्हणतात. त्या नकली नाहीत, हे नीट लक्षात घ्या. कायदेशीर, स्वतःचं नाव टाकून, उघड विकलेल्या. नकली होते ते पुढच्या माणसाच्या सांगण्यात. ‘माझ्या बाबांची लढाईतली.’

आता ओळखायचं कसं. लोक खूप खुणा सांगतात. त्यातल्या बऱ्याच मला फसव्या वाटतात, आधी त्याच घेतो.

नळीवर तारीख असते. इनलँड किंवा अंडरवुडच्या नळीवर पुढच्या टोकाजवळ कंपनीचं नाव आणि महिना-वर्ष ठोकलेलं सापडतं. लोक ते बघून खूश होतात. पण ती नळीची तारीख. खऱ्या लष्करी कार्बाइनवरसुद्धा ती बंदुकीची तारीख असेलच असं नाही, कारण नळ्या आधी बनून पडून राहायच्या, दुसऱ्या कारखान्यात जायच्या, नंतर दुरुस्तीत बदलल्या जायच्या. आणि सुरुवातीच्या काही व्यापारी कार्बाइनवर युद्धकाळातल्या नळ्या आहेतच.

दस्त्यावरचे सरकारी शिक्के. त्यांचं तर काही खरंच नाही. एक स्क्रू सैल केला की दस्ता वेगळा होतो.

संगिनीची खाच. हिच्याबद्दल गंमत आहे. मूळ कार्बाइनला संगीन लावायची सोयच नव्हती. ती आली १९४४च्या शेवटाला. पण युद्धानंतर सरकारने कार्बाइन परत घेऊन, उघडून, तपासून, नवे भाग घालून पुन्हा बांधल्या, तेव्हा जुन्यांनाही खाचवाली कडी बसवली. तसंच साइटचं. आधी दोनच टप्प्यांची, दीडशे आणि तीनशे यार्डांची उघडझाप करणारी पट्टी होती, नंतर सरकवता येणारी आली. सेफ्टीचंही तेच. आधी दाबायचं बटण होतं, आणि ते मॅगझिन सोडायच्या बटणाच्या शेजारी. लढाईत सैनिक घाईत चुकीचं बटण दाबायचे आणि मॅगझिन खाली पडायचं. म्हणून मग सेफ्टी फिरवायची केली. डिझाइनमधली ही चूक मी आमच्या ट्रेनी पोरांना नेहमी सांगतो. पण तारीख ठरवायला तिचा उपयोग नाही, कारण दुरुस्तीत तीही बदलली. म्हणजे १९४२ची बंदूक १९४५चे कपडे घालून बसलेली असते. उलट बहुतेक व्यापारी कार्बाइनना संगिनीची खाच नसते, त्यामुळे अर्धवट माहिती असलेला माणूस म्हणतो, खाच नाही, म्हणजे सुरुवातीची, दुर्मिळ, किंमत दुप्पट. अशी फसवाफसवी मी डोळ्यांनी बघितली आहे, एका जुन्या वस्तूंच्या बाजारात. नाव घेत नाही.

मग खरं काय? आपल्याकडे माणसाचं आडनाव काय सांगतं? गाव. निपाणीकर, मिरजकर, माणगावकर. कार्बाइनचंही गाव विचारायचं. दहाही युद्धकालीन ठेकेदारांनी रिसीव्हरवर कंपनीचं नाव ठोकलं, पण गाव आणि राज्य नाही ठोकलं. इनलँड डिव्हिजन, अंडरवुड, रॉक-ओला, आय. बी. एम. कॉर्प. बस्स, खाली नंबर. व्यापारी कंपन्यांनी मात्र गाव लिहिलं. डनेलन, एन. जे. हायलिया, फ्लोरिडा. एल माँटी, कॅलिफोर्निया. अझुसा, कॅलिफोर्निया. रिसीव्हरवर गाव दिसलं की ती लढाईची नाही, इथे माझ्या दृष्टीने विषय संपला. एक पोटनियम तेवढा आहे. परदेशातून परत आलेल्या खऱ्या लष्करी कार्बाइनवर आयात करणाऱ्याचं नाव-गाव बारीक ठोकलेलं असतं, पण ते बहुतेक वेळा नळीवर. म्हणून सांगतो, अक्षरं कुठे आहेत तेही बघा. आणि हो, सरकत्या साइटच्या खाली लष्करी कंपनीचं नाव अर्धं झाकलं जातं. नाव दिसत नाही म्हणून नाव नाही, असं म्हणू नका. टॉर्च आडवा धरा.

गाव फक्त ‘व्यापारी की लष्करी’ एवढंच सांगत नाही, साल सांगायलाही तेच उपयोगी पडतं. प्लेनफील्डचंच घ्या. आधी डनेलन, मग शेजारचंच मिडलसेक्स. सत्तरच्या दशकाच्या मध्याला कंपनी आयव्हर जॉन्सनने घेतली. आयव्हर जॉन्सन म्हणजे मॅसॅच्युसेट्समधलं जुनं नाव, एके काळी सायकलीही बनवायचे. १९०१ साली राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर झाडलेलं रिव्हॉल्व्हर त्यांचं होतं. म्हणजे कार्बाइनवर आयव्हर जॉन्सन वाचून कुणी म्हणेल, अरे बापरे, केवढी जुनी! पण तिच्यावर गाव मिडलसेक्स आहे. म्हणजे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातली किंवा ऐंशीच्या उंबरठ्यावरची. आणि जॅक्सनव्हिल, आर्कान्सा असेल तर त्यानंतरची, कारण ऐंशीच्या सुरुवातीला कारखाना तिकडे गेला. नाव शंभर वर्षांचं, बंदूक चाळीस वर्षांची. कंपनीची नावं विकली जातात मंडळी, गाव मागे राहतं.

युनिव्हर्सलची गोष्ट जरा वेगळी, आणि मला सगळ्यात रंजक वाटते ती हीच. सुरुवातीच्या युनिव्हर्सल कार्बाइनमध्ये लष्करी भाग आहेत. पण भंगारातला माल कधीतरी संपणारच. मग त्यांनी एकेक भाग स्वतः बनवायला घेतला, आणि बनवताना स्वस्त पडेल तसं डिझाइन बदलत नेलं. शेवटच्या पिढीत बोल्ट परत ढकलायला एकाऐवजी दोन स्प्रिंगा आल्या, स्लाइड पत्र्यातून दाबून केलेली आली. बाहेरून तीच बंदूक, आतून दुसरीच. लष्करी सुटा भाग त्यात बसत नाही. म्हणजे युनिव्हर्सलचं वय आत उघडल्यावर कळतं. जितका लष्करी माल जास्त, तितकी ती जुनी. झाडाच्या वर्तुळांसारखं. व्यापारी कार्बाइनच्या बाबतीत ही मोजपट्टी बऱ्यापैकी चालते. प्लेनफील्डलाही लागू आहे. सुरुवातीला लष्करी भाग, मग स्वतःचे. वरच्या लाकडी हातपट्टीच्या जागी भोकांची पत्र्याची पट्टी दिसली, तर तीही व्यापारी आणि सहसा नंतरची.

आमच्या फाउंड्रीवाल्यांना एक खाज असते, पोत बघून सांगायची. लष्करी रिसीव्हर घणाखाली ठोकलेल्या पोलादातून, फोर्जिंगमधून, मशीन करून काढलेले. व्यापारीपैकी बऱ्याच जणांनी मेणाच्या साच्यात ओतून, म्हणजे इन्व्हेस्टमेंट कास्टिंगने केले. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला ओतकामाचा पोत वासाने कळतो असा आमचा गर्व. पण चांगलं ओतकाम, त्यावर मशीनिंग, त्यावर करडं फिनिश आणि त्यावर साठ वर्षांचा हात. माझा गर्व त्या टेबलावर उतरला. पोत बघून अंदाज करा, पण बोलू नका. मी बोललो.

आणखी दोन तारखा खिशात ठेवा. १ जुलै १९६३ ला अमेरिकेत पत्त्यात झिप कोड सुरू झाले. खोक्यावर, माहितीपत्रकावर, पावतीवर पत्ता असेल आणि त्यात झिप कोड असेल, तर तो कागद त्या दिवसानंतरचा. नसेल तर मात्र खात्री नाही, जुने छापलेले कागद कंपन्या संपेपर्यंत वापरतात. दुसरी तारीख, २२ ऑक्टोबर १९६८. त्या दिवशी बंदुकांच्या नियंत्रणाचा नवा कायदा सहीला गेला. तोवर रायफल पोस्टाने मागवता यायची. मासिकातलं कूपन कापायचं, पैसे पाठवायचे, बंदूक दारात. केनेडींची हत्या ज्या रायफलने झाली ती अशीच टपालाने मागवलेली होती. ६८च्या कायद्याने ते बंद केलं, आणि परदेशातून लष्करी जुना माल आणायलाही बंदी घातली.

हे सगळं मला त्या संध्याकाळी घरी येऊन वाचल्यावर कळलं. त्या टेबलाशी उभा असताना फक्त एवढंच कळलं होतं, की मी चुकीचं बोललोय. आणि शेजारी फोटो उभा आहे.

खरं सांगतो, मी काही बोललो नाही. चहाचा कप ठेवला, बघून सांगतो म्हणालो आणि घरी आलो. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अहो, नका सांगू, त्यांना काय विकायची आहे का ती? नातवाच्या घरी भिंतीवर लागेल, आजी समाधानात राहतील. मला पटलंही. दोन दिवस पटत राहिलं.

पण नातू राहतो न्यू जर्सीत. आणि न्यू जर्सीच्या कायद्यात ज्या बंदुका बाळगायला बंदी आहे त्यांच्या यादीत ‘एम वन कार्बाइन प्रकार’ असा शब्दच आहे. बघा, ज्या राज्यात ती बनली त्याच राज्यात ती नेता येत नाही. डनेलन एडिसनपासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. एडिसनला किराणा आणायला, गणपतीला जाणाऱ्या किती मराठी लोकांनी रॅरिटन व्हॅली लाइनवरचं ते स्टेशन बघितलं असेल. आजी प्रेमाने ती बंदूक नातवाच्या गाडीत ठेवणार आणि पोरगा नदीचा पूल ओलांडून गुन्हेगार होणार. ती लढाईची असो की प्लेनफील्डची, कायद्याला फरक नाही. मी गप्प बसलो असतो तर ‘फक्त आठवण आहे’ म्हणून कुणीही ती तपासली नसती. आता सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं.

तिसऱ्या दिवशी गेलो. आजी, मी चुकलो, असं सुरुवातीलाच म्हणून टाकलं. टॉर्च धरून त्यांना स्वतःला अक्षरं वाचायला लावली. मोबाइलवर मोठी करून दाखवली. मी म्हटलं, ही आजोबांनी कोरियात वापरलेली असू शकत नाही. ही बनली तेव्हा ते परत येऊन सात-आठ वर्षं झाली होती. सैनिकाला बंदूक तशीही सरकारजमा करावी लागायची.

त्यांनी विचारलं, मग ह्यांनी ती लढाईतली म्हणून का सांगितलं?

मी विचारलं, ते तसं म्हणाले होते का?

आजी थांबल्या. पुतण्याकडे बघितलं. पुतण्या म्हणाला, काकांनी कधीच नाही सांगितलं, आम्हीच म्हणायचो. आजोबा फक्त म्हणायचे, अशी होती. ‘ही’ नाही. ‘अशी.’

मग त्या कपाटातून एक पुठ्ठ्याचं पाकीट निघालं. आत चौघडी घातलेलं कंपनीचं माहितीपत्रक. पत्ता डनेलनचा, झिप कोड नाही. मी आत्ताच म्हणालो तसं, यावरून १९६३च्या आधीची असं छातीठोक सांगता येत नाही. पण गाव डनेलन, आत लष्करी स्लाइड, वर लाकडी हातपट्टी, कागद बिनझिपचा. सगळ्या काठ्या एकाच दिशेला पडत होत्या. साठच्या दशकाची पहिली काही वर्षं, असं मी कागदावर लिहून दिलं. अंदाज असा शब्द घालून.

आजींनी तो कागद हातात धरला आणि अचानक म्हणाल्या, लांब खोकं आलं होतं. आमचं लग्न नुकतंच झालेलं. रेल्वे एक्स्प्रेसचा माणूस आणि लांब खोकं, मीच सही केली होती. फ्रिजसाठी पैसे साठवत होतो आम्ही. मी विचारलं यात काय आहे, तर हे काही बोलले नाहीत, खाली घेऊन गेले. मी चिडले होते. आठवडाभर बोलले नव्हते.

मग बराच वेळ आम्ही तिघंही त्या टेबलाभोवती बसलो. पुतण्याने विचारलं, काकांनी ती चालवली कधी? आजी म्हणाल्या, मी तरी कधी आवाज ऐकला नाही. वर्षातून एकदा तेल लावायचे. दार लावून.

बंदूक आता पुतण्याकडे आहे, पेनसिल्व्हेनियातच, कागदपत्रं करून. नातवाला आजींनी फोटो दिला, बर्फातला. आणि बंदुकीला पुतण्याने सुतळीने एक चिठ्ठी बांधली आहे, कारण आणखी पन्नास वर्षांनी पुन्हा कुणीतरी स्लाइडवरचं यू बघून खूश होईल. चिठ्ठीवर मजकूर काय लिहायचा ते त्याने मला विचारलं होतं. मी म्हटलं प्लेनफील्ड, डनेलन, साठचं दशक, व्यापारी. आजींनी पेन घेतलं आणि खाली आपल्या अक्षरात एक ओळ वाढवली: खोक्यासाठी सही मी केली.